पॅराशूटचं पातळ

माझ्या आत्याइतकं नीतिमान माणूस कोरेगावापासून सांगलीच्या कृष्णेच्या पुलापर्यंत दुसरं नव्हतं, आणि हे आम्हांला तिनंच कळवलेलं होतं. सरळ नाही. ती म्हणायची, "मी पापी आहे, माझ्यासारखी पापी कुणी नाही." पण हे म्हणताना समोरच्याकडे अशी बघायची की बिचाऱ्याला स्वतःची पापं आठवायला लागत.

लढाईच्या काळात मी तिच्याकडे होते. आई लहानपणीच गेलेली, वडील फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून कुठं कुठं फिरत असलेले. कोरेगावच्या मिशन कंपाउंडात एका ओळीत खोल्या होत्या. पाळकसाहेबांचा बंगला सुरुवातीला, त्याला लागून आत्याची खोली, मग शाळामास्तर, मग बाकीचे. खोल्या नीतिमत्त्वाच्या क्रमानं दिलेल्या नव्हत्या, पण आत्याचा समज तसाच होता. शेवटच्या खोलीबद्दल तर तिला शंकाच नव्हती.

आत्या उपदेशिका होती. म्हणजे आसपासच्या खेड्यांत जाऊन बायकांना प्रभूची गोष्ट सांगायची. खेड्यातले लोक तिला 'येशूवाली बाई' म्हणत. तिच्या पिशवीत दोन कापडं असायची. एक मळकी चिंधी आणि एक पांढरंशुभ्र पातळ. बायका जमल्या की ती चिंधी वर धरायची. "बायांनो, माणसाचं स्वतःचं पुण्य म्हणजे ही चिंधी. उपास करा, तापास करा, देवाच्या लेखी एवढंच." मग चिंधी खाली टाकून ती पातळ असं झटकन उलगडायची की ऊन त्यावरून परत फिरायचं. "आणि प्रभू देतो ते नीतिमत्त्व हे असं. कमवावं लागत नाही, धुवावं लागत नाही. फुकट मिळतं. याला कृपा म्हणतात."

इथं बायका पुढं सरकायच्या, पातळाला हात लावून बघायच्या, आणि एखादी म्हातारी हमखास विचारायची, "लय पांढरं हाय की वं. कशानं धुतलंसा?"

झालं. आत्याला राहवायचं नाही. रिठे किती घ्यायचे, रात्रभर कसे भिजवायचे, सोडा घातला तर सूत कसं मरतं, नीळ फडक्यात बांधून किती वेळा फिरवायची, पेज गाळून खळ कशी करायची, वाळत घालताना सावलीची बाजू कुठली, हे सगळं ती तळमळीनं सांगायची. बायका मन लावून ऐकायच्या. फुकटच्या कृपेला लागलेला वेळ आणि रिठ्याला लागलेला वेळ, यांत रिठा कितीतरी पुढं असायचा. त्या खेड्यांतून प्रभूकडे किती जणी वळल्या ते मला ठाऊक नाही, पण लुगडी मात्र सुधारली.

हेच पातळ आत्या प्रभुभोजनाला नेसायची. दर तीन महिन्यांनी आमच्या देवळात प्रभुभोजन असे. भाकरीचे तुकडे ताटलीतून फिरत, मनुका भिजवून काढलेला रस पेल्यातून फिरे. आणि त्या दिवशी बाईनं पांढरं नेसायचं, असा नियम होता. तो शास्त्रात कुठंच नव्हता. कधीकाळी कुणा मडमसाहेबांना पांढऱ्या पातळातल्या बायकांची रांग बघून गहिवरून आलं होतं म्हणे. मडमसाहेब विलायतेला गेल्या, गहिवर इथं राहिला आणि त्याचा नियम झाला. नियमाची राखण आत्याकडे आली. भोजनाच्या आदल्या दिवशी ती कंपाउंडातल्या दोऱ्यांवरून फिरून वाळत घातलेली पातळं बघायची. ज्याला पिवळेपणा दिसेल त्याच्या मालकिणीनं दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं. ताटली मागच्या बाकापर्यंत जात नसे.

लढाईत कापड कंट्रोलवर गेलं आणि पांढरं पातळ मिळेना. आहेत तीच धुऊन धुऊन पिवळी पडली. एकीनं चुन्याच्या निवळीत बुडवून काढलं, तर सबंध उपासनेत ती अंग खाजवत बसली आणि डोळ्यांतलं पाणी बघून पाळकसाहेबांना वाटलं तिला पश्चात्ताप झाला. मागचा बाक भरत गेला, पुढचे रिकामे झाले. पाळकसाहेब रिकाम्या बाकांना सांगत, "या, सर्वांनी या, काही किंमत न देता या." मागच्या बाकावरच्या बायका माना डोलवत. कुणाला यात विचित्र असं काही वाटायचं नाही. मलाही नाही. मला वाटायचं, कृपेचं असंच असतं.

आता शेवटच्या खोलीबद्दल. तिथं तासगावकडची एक बाई राहायची. दवाखान्यात आयाचं काम करायची. नवरा पलटणीत, लढाईवर जाऊन दोन वर्षं झालेली, आणि हिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी. हिशेब करायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. देवळाच्या पंचांनी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "व्हय, चुकले." कुणाचं, कधी, कसं, हे सांगेना. पंचांना नुसत्या 'चुकले'नं समाधान होईना. आत्या म्हणाली की पश्चात्ताप दिसत नाही. तेव्हापासून ती बाई भोजनाच्या दिवशी दाराबाहेरच्या पायरीवर बसायची. मागचा बाकसुद्धा तिला नव्हता.

लढाई संपली आणि तिचा नवरा परत आला. तो यायच्या दिवशी कंपाउंडातल्या बायकांनी कामं लवकर उरकून घेतली होती. काहीतरी होणार, मारहाण होणार, निदान आरडाओरडा तरी. तो आला, खांद्यावरची बॅग खाली ठेवली, पायरीवर बसला, पोरीकडे बघितलं, मग बायकोकडे. आम्ही सगळ्या आपापल्या दारांत तांदूळ निवडत उभ्या. मग त्यानं पोरीला उचलून मांडीवर घेतलं आणि विचारलं, "हिला दात आलं का गं?"

बायकांची घोर निराशा झाली. आत्या तर संतापलीच. "असं कसं सोडून दिलं यानं? एक शब्द विचारू नये? आधी कबूल करून घ्यायचं, पाया पडू द्यायचं, चार महिने बघायचं, मग ठरवायचं." बायबलातल्या उधळ्या मुलाला वाटेतच मिठी मारणाऱ्या बापाची गोष्ट ती आठवड्यातून दोनदा सांगायची, आणि सांगताना तिचे डोळे भरून यायचे. पण ती गोष्ट होती. आपल्याच ओळीतल्या खोलीत असं चालत नाही.

त्या माणसानं बॅगेतून बायकोसाठी एक पातळ काढलं. पॅराशूटचं रेशीम. पलटणीतल्या शिंप्याकडून त्याचे निमुळते पट्टे जोडून घेतलेले. उभे जोड दिसायचे, पण काय पांढरं होतं! आत्यानं जन्मभर रिठे झिजवून जो पांढरा रंग गाठला नव्हता तो या कापडाला कुणी न धुता होता. ते दोरीवर आलं की सगळं कंपाउंड तिकडं बघायचं. आणि नेसायचं कधी? भोजनाला तर ती जाऊ शकत नव्हती. कोरेगावातलं सर्वांत पांढरं पातळ ट्रंकेत पडून राहिलं.

त्या उन्हाळ्यात सांगलीहून आत्याला बोलावणं आलं. तिथं दरवर्षी सगळ्या मंडळ्यांची मोठी सभा भरे. बायकांच्या सभेत आत्यानं बोलायचं होतं, विषय तिचाच, नीतिमत्त्वाचं वस्त्र. आणि नंतर मोठं प्रभुभोजन. जन्मभर ती जे खेड्यांतल्या ओट्यांवर सांगत आली ते आता मंडपात, मडमांसमोर, मिरजेच्या दवाखान्यातल्या नर्सबायांसमोर सांगायचं. तिला झोप लागेना. पातळ चार वेळा धुऊन झालं.

"आत्या, पांढरंच आहे की," मी म्हणाले.

"तुझ्या डोळ्यांना. सांगलीचे डोळे वेगळे असतात."

पटकीच्या साथीत विहिरीत टाकायला आलेली ब्लीचिंग पावडर पाळकसाहेबांच्या पडवीत डब्यात होती. दवाखान्यातल्या चादरी त्यानंच पांढऱ्या होतात असं आत्यानं कुठंतरी ऐकलं होतं. तिनं दोन ओंजळी आणल्या. मग विचार करून आणखी एक आणली. पातळ सबंध दिवस भिजत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीही राहू दिलं.

पिळायला घेतलं तेव्हा तिची बोटं कापडातून आरपार गेली. तिनं घाबरून दुसरीकडून धरलं, तिथंही तसंच. पातळ पांढरं झालं होतं यात शंका नाही. पण ते आता पातळ नव्हतं. बादलीत चिंध्या होत्या. आत्या विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि ओल्या चिंध्यांकडे बघत राहिली. मला हसू येत होतं आणि तिचा चेहरा बघून रडूही येत होतं. ती म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस." दोरीवर काही दिसलं नाही म्हणून दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतंच.

मग आत्या पातळ मागायला निघाली. सांगलीला जायचं परवावर आलेलं. शाळामास्तरांची बायको म्हणाली, "द्यायला काही नाही हो, पण माझं पिवळं आहे. तुम्हीच बघितलंत ना मागच्या वेळी?" दुसरी म्हणाली, "माझ्या पातळावर डाग आहे, तुम्हांला सांगलीत कमीपणा यायचा." कंपाउंडातल्या प्रत्येक खोलीत पातळ होतं आणि प्रत्येक पातळाला आत्यानंच काढलेली खोट होती. बायका फार गोड बोलत होत्या. इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आत्या परत येऊन बसली. म्हणाली, "मी जात नाही. रंगीत लुगड्यात मी त्या विषयावर उभी राहणार नाही, आणि भोजनाला तर नाहीच."

संध्याकाळी शेवटच्या खोलीतली बाई दारात आली. कडेवर पोरगी, हातावर घडी केलेलं ते पॅराशूटचं पातळ. आत्या तिच्या दारात कधी गेली नव्हती, आणि ही आमच्या दारात पहिल्यांदाच.

"आत्याबाई, ह्ये नेसा."

आत्यानं पातळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तुला काय हवंय?"

"काय न्हाई."

"पंचांकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. आधीच सांगते."

"नका टाकू."

"मग देतेस कशाला?"

"तुमास्नी पायजे हाय म्हणून," ती म्हणाली, आणि घडी खाटेवर ठेवून गेली.

आत्याला माणसाचं पाप सहन व्हायचं. ते तिचं रोजचंच काम होतं. उपकार मात्र सहन झाला नाही. त्या बाईनं काही मागितलं असतं तर आत्यानं नाक मुरडून, पण सुखानं ते पातळ घेतलं असतं. ती रात्रभर कूस बदलत होती. सकाळी माझ्या हाती तिनं अंडी पाठवली. बाईनं परत पाठवली, म्हणाली, "आमच्या कोंबड्या बी घालत्यात की." मग पोरीसाठी झबलं शिवून द्यायचा निरोप गेला. त्यावर ती नुसती हसली. पोरीला प्रार्थना शिकवते म्हणावं, असंही आत्यानं सांगून बघितलं. ती म्हणाली, "आदी बोलायला तर लागू दे."

"उर्मट आहे," आत्या म्हणाली. "काही घेतच नाही."

पण गाडीच्या वेळेला ती ट्रंक घेऊन निघाली, आणि ट्रंकेत ते पातळ होतं. मला तिनं सोबतीला घेतलं. मिरजेला गाडी बदलून आम्ही सांगलीला पोचलो.

मंडपात आत्या पातळ नेसून आली तेव्हा माना वळल्या. रेशीम सुळसुळीत, जागोजाग पिना टोचलेल्या, आणि ती चालली की असा आवाज की बायका बोलायच्या थांबत. एका मडमसाहेबांनी पदराला हात लावून 'फार सुंदर' म्हटलं. आत्या ताठ होती. पण तिचे हात पदर सारखा आवळून घेत होते.

भाषण नेहमीच्या जागी सुरू झालं. "बायांनो, माणसाचं स्वतःचं पुण्य म्हणजे ही चिंधी." तिनं पिशवीतून चिंधी काढून वर धरली. मळकी चिंधी घाईत घरी राहिली होती. हातात आली ती तिच्याच जुन्या पातळाची. पांढरीफेक.

वडूजकडची एक म्हातारी पुढं बसली होती. तिनं हे भाषण चार-पाच वेळा ऐकलेलं. ती म्हणाली, "आवं बाई, तुमची चिंधी तर मळकी असती की. ही कशी पांढरी?"

बायका हसल्या. आत्या थांबली. तिच्याबद्दल मी वाटेल ते सांगेन, पण ती खोटं बोलायची नाही. तेवढा एक अभिमान तिनं खरोखर कमावलेला होता, आणि तोच आता तिच्या गळ्याशी आला.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "मी धुतली. फार धुतली, म्हणून अशी झाली."

"आन अंगावरलं?"

आत्यानं खाली बघितलं. "हे माझं नाही."

"मग कुणाचं?"

"आमच्या कंपाउंडातल्या एका बाईचं. तिला आम्ही भोजनाला बसू देत नाही. मीच नको म्हणाले होते." मग ती म्हणाली, "तिनं हे मला दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला."

एवढं बोलून ती खाली बसली. मंडपात कुणाला काय करावं सुचेना. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईनं गीत सुरू केलं. आमच्या लोकांत गीत अशा वेळेसाठी फार उपयोगी पडतं. पुष्कळ जणी म्हणाल्या की भाषण या वर्षी नीट झालं नाही, शेवटी काही बोधच काढला नाही.

भोजनाला आत्या माझ्या शेजारी बसली. ताटली आली तेव्हा तिनं तुकडा घेतला आणि हातात धरून राहिली. तिचे खांदे हलत होते, आणि रेशमाचा आवाज येत होता. बायकांना वाटलं थंडी वाजतेय. मे महिन्यात, सांगलीत.

कोरेगावला आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर ते पातळ धुतलं. रिठ्यात, हलक्या हातानं. सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि स्वतः शेवटच्या खोलीशी घेऊन गेली. बाईनं घडी हातात घेऊन वास घेतला.

"धुतलं कशाला, आत्याबाई? मळलं न्हवतं की."

आत्या म्हणाली, "वापरलं की धुवावं," आणि परत आली.

सांगलीची बातमी आमच्या आधी पोचली होती. कंपाउंडातल्या गोष्टी मंडपात नेल्या म्हणून पाळकसाहेब नाराज होते. पंच बसले. त्यांनी ठरवलं की त्या बाईला भोजनाला घ्यावं, कारण प्रभूची कृपा सर्वांसाठी आहे. फक्त तिनं आधी सर्वांसमोर पुरं कबूल करावं, सहा महिने वागणूक बघू द्यावी, आणि पांढरं पातळ नेसून यावं. हे तिला सांगायचं काम आत्याकडे दिलं. आत्यानं मान हलवली आणि ते तिला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या भोजनाला आत्या बाजाराला जायचं हिरवं चौकड्यांचं लुगडं नेसून निघाली. मला वाटलं हिला वार आठवत नाही. देवळाच्या पायरीवर बाई बसली होती. आत्यानं तिच्या दंडाला धरून उठवलं. "चल." बाई म्हणाली, "नको आत्याबाई, उगं तमाशा व्हतुया." आत्या म्हणाली, "झालाय तो आधीच." आणि तिला घेऊन मागच्या बाकावर बसली. पिवळ्या पातळांच्या बायकांनी सरकून जागा केली.

ताटली मागं गेली नाही. आत्या उठून उभी राहिली आणि उभीच राहिली, तेव्हा ताटलीवाले पंच नाइलाजानं मागं गेले. त्यांनी ताटली आत्यापुढं धरली आणि लगेच मागं घेतली. आत्यानं आपल्या तुकड्याचे दोन केले आणि एक बाईच्या तळहातावर ठेवला.

पंच हळूच म्हणाले, "आत्याबाई, नियम आहे."

"ठाऊक आहे. माझाच आहे."

मग मागच्या सगळ्या बाकाला ताटली फिरवावी लागली, आणि मनुकांचा रस अर्ध्यातच संपला.

आत्या यानं सुधारली असं कुणाला वाटायला नको. आता ती कृपेच्या मागं लागली. पहाटे उठून कृपाळूपणाचा सराव करायची आणि चहाच्या वेळी मला सांगायची, "आज मी दोघींना क्षमा केली. मास्तरांच्या बायकोला दोनदा." शेवटच्या खोलीत ती रोज काहीतरी घेऊन जायची. बाई ते घ्यायची नाही, किंवा घेतलं तर त्याच भांड्यात काहीतरी घालून द्यायची. आत्या ते भांडं घासून, त्यात आणखी काही घालून परत पाठवायची. कृपेच्या नावाखाली दोन खोल्यांमध्ये भांडी फिरत राहिली. पण त्या पोरीला मात्र बोलायला लागल्यावर प्रार्थना आत्यानंच शिकवली, आणि त्यासाठी ती शेवटच्या खोलीच्या पायरीवर बसायची.

स्वराज्य आल्यावर दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात आत्याला विषमज्वर झाला आणि ती गेली. माझे वडील परत आले होते, त्यांनी सुताराला शवपेटी सांगितली. आमच्यात माणसाला पांढऱ्यात पुरतात. मी तिची ट्रंक उघडली. पांढरं काही नव्हतं. पुढं कापड मिळायला लागलं तरी तिनं दुसरं पांढरं पातळ घेतलंच नव्हतं, आणि कारण विचारलं तर चिडायची. कंपाउंडातल्या बायका जमल्या होत्या. एकजण म्हणाली, पेठेत माणूस पाठवू या. दुसरी म्हणाली, एवढ्या पावसात दुकान कुठलं उघडं असणार.

शेवटच्या खोलीतली बाई केव्हा उठून गेली ते मी बघितलं नाही. ती परत आली तेव्हा पदराखाली घडी होती. तिनं कुणाला काही विचारलं नाही. मी आणि तिनं मिळून आत्याला ते नेसवलं. रेशीम सुळसुळत होतं, पिना कुठं टोचायच्या ते मला सांगलीपासून माहीत होतं. उभे जोड तिनं मागच्या बाजूला घेतले.

मला बोलणं भाग वाटलं. "मावशी, हे तुमच्या धन्यानं आणलेलं. एकच तर आहे. आता हे परत…"

"ऱ्हाऊ दे गं." तिनं आत्याच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि डोळे पुसले. "आता काय ती धुऊन आणून द्यायची न्हाई."